कोंबडीपासून बोटभर

टपाल नाक्याजवळ माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणजे पाटीवर तसं लिहिलेलं आहे. हल्ली दुरुस्तीला टीव्ही येत नाहीत, लोक नवाच घेतात. मी अडॅप्टर, वायरी आणि सेट-टॉप बॉक्सचे रिमोट विकतो. पण नव्वद सालानंतर आठ-दहा वर्षं अशी होती, की अख्ख्या पनवेलची पोरं शाळा सुटली की माझ्या काचेला नाक लावून उभी असत. आत व्हिडिओ गेम असायचे.

करड्या रंगाचा तो डबा मी मुंबईहून आणायचो. खोक्यावर कुठलं तरी परदेशी नाव असे आणि त्यातलं एखादं अक्षर हमखास चुकलेलं. सोबत पिवळी कॅसेट, तिच्यावर नऊ लाख नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव गेम असल्याचं छापलेलं. आत गेम सात. तेच सात पुढे रंग बदलून येत. हे सगळ्यांना माहीत होतं आणि तरी प्रत्येक पोरगं घरी नेल्यावर एकदा तरी शेवटपर्यंत मोजून बघायचंच. कॅसेट चालली नाही की काढायची, तोंडाजवळ धरून फुंकर मारायची, परत खोचायची. फुंकरीने आत ओल जाते, पत्र्याला गंज चढतो, हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगायचो आणि ते गेल्यावर स्वतः फुंकर मारायचो. त्याशिवाय चालायची नाही.

अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये कोळीवाड्यातले बुधाजी कोळी दुकानात आले. तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे असतील, लग्नाला वर्ष झालेलं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि घरात बसून माणूस कंटाळतो. त्यांनी गेम मागितला. कुणासाठी, असं मी विचारलं, तर म्हणाले पुतण्यासाठी. त्यांना पुतण्या नाही हे मला नंतर कळलं.

गेम ते स्वतःच खेळत. जोडीला मेहुणा, कमळाकर. बुधाजींची बायको दमयंती, तिचा हा धाकटा भाऊ, गल्लीच्या टोकालाच राहायचा. दोघांना सातांपैकी एकच गेम आवडला, रणगाड्यांचा. पडद्याच्या तळाशी विटांच्या चौकोनात एक पक्षी बसलेला असतो. वरून शत्रूच्या गाड्या येतात, विटा फोडतात, आणि पक्ष्याला गोळी लागली की खेळ संपतो. आपल्या दोन गाड्यांनी त्याला राखायचं. गेम बनवणाऱ्यांच्या मनात तो गरुड असावा, पण कोळीवाड्यात त्याला कोंबडीच म्हणत. त्या खेळात एक दुष्टपणा होता. कोंबडीला आपली स्वतःची गोळीसुद्धा लागायची.

जुलैच्या मध्याला पडदा हलतो म्हणून बुधाजींनी मला घरी बोलावलं. मी टीव्हीच्या मागे वाकून ट्यूनिंगचा स्क्रू फिरवत होतो, आणि समोर दोघे खेळतच होते, कारण थांबायला ते तयार नव्हते. एकतिसाव्या बोर्डावर, म्हणजे खेळाच्या एकतिसाव्या टप्प्यावर, पोहोचले होते. त्याआधी कोळीवाड्यात कुणी नवव्याच्या पुढे गेलं नव्हतं. पाच-सहा शेजारी दारात गोळा झाले होते. मला मागून फक्त बटणांचा आवाज येत होता आणि स्वयंपाकघरातून सुक्या जवळ्याचा वास.

मग एकदम दोघे ओरडले. बुधाजी म्हणत होते, काय केलंस. कमळाकर म्हणत होता, मी नाही, तुम्ही. दोघे उठून उभे राहिले. दमयंती हातात उलथनं घेऊन बाहेर आली, तिने नवऱ्याच्या हातातला गेमचा वायरवाला रिमोट ओढून घेतला, स्टार्टचं बटण दाबलं आणि दोघांना जेवायला बसायला सांगितलं.

स्टार्ट दाबलं की खेळ जिथल्या तिथे थांबतो. मी टीव्हीमागून बाहेर येऊन बघितलं. डावीकडच्या विटा फुटलेल्या होत्या. बुधाजींची पिवळी गाडी आणि कमळाकरची हिरवी गाडी डाव्या बाजूला एकमेकींना जवळजवळ चिकटून उभ्या होत्या, दोघींची तोंडं कोंबडीकडे. आणि कोंबडीपासून बोटभर अंतरावर, हवेत, एक पांढरा ठिपका थांबलेला होता. गोळी. मधोमध थांबल्याची इंग्रजी अक्षरं लुकलुकत होती.

गोळी कुणाची, यावर दोघे जेवले नाहीत. कमळाकरने दुसरा रिमोट खसकन उपटला, कुडत्याच्या खिशात कोंबला आणि निघून गेला.

आता वाटेल, बटण दाबून खेळ पुढे न्यायचा, की कळलं असतं. पण कळलं नसतं. कोंबडी मेली असती, एवढंच. गोळीवर नाव नव्हतं. बुधाजींचं म्हणणं, कोंबडी मारणाऱ्याने आधी कबूल करावं. कमळाकरचंही तेच म्हणणं. तिसऱ्या दिवशी प्रकरण जमातीच्या बैठकीत गेलं. तिथले म्हातारे बाळूपाटील आणि चार जाणते बुधाजींच्या घरी आले, टीव्हीसमोर चटईवर बसले आणि त्यांनी तासभर तो ठिपका निरखला. एकाने दोऱ्याने अंतर मोजलं. साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं, कारण मी दोन्ही बाजूंचा कुणी लागत नव्हतो. मी खरं तेच सांगितलं, की मी टीव्हीच्या मागे होतो.

बाळूपाटलांनी निकाल दिला. दोघांची संमती होत नाही तोवर खेळ आहे तसा राहील. जो कोणी तो बंद करील, त्याने गोळी आपली असल्याचं कबूल केलं असं धरलं जाईल.

म्हणून तो गेम बंद करता येईना.

कमळाकर त्याच पावसात जवळच्या कोन गावी राहायला गेला. तिथे त्याने मासळी वाहायचा टेम्पो घेतला, लग्न केलं, घर बांधलं. बुधाजींच्या दारात त्याने परत पाऊल ठेवलं नाही. आणि इकडे गेम चालू राहिला. टीव्ही बंद करता यायचा, त्याला बंदी नव्हती. पण करडा डबा रात्रंदिवस चालू. दरवर्षी जूनमध्ये मी जाऊन त्याची तपासणी करू लागलो. अडॅप्टर दोन-तीन वर्षांत जळका वास मारू लागायचा, तेव्हा आधी दुसरा अडॅप्टर शेजारी झाळून जोडायचा आणि मगच पहिला काढायचा, म्हणजे वीज क्षणभरही तुटत नाही. भारनियमनाच्या काळात बुधाजी होडीची बॅटरी घरात ठेवायचे. होडीला दिवा नसला तरी चालेल, म्हणायचे. नारळी पौर्णिमेला टीव्ही लावला जायचा आणि लोक गोळी बघायला यायचे. नवीन सुनांना दाखवत. एका शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी कागदावर रेषा काढून गोळी बुधाजींची असल्याचं सिद्ध केलं होतं, आणि पुढच्या वर्षी त्याच रेषांवरून ती कमळाकरची असल्याचं.

दोन हजार पाच सालच्या पुरात कोळीवाड्यात छातीइतकं पाणी आलं. बुधाजी बॅटरी आणि गेम घेऊन माळ्यावर चढले आणि दीड दिवस तिथे बसून राहिले. दमयंतीने सहा वर्षांच्या रोशनीला, त्यांच्या मुलीला, शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेलं. त्या बाईने याबद्दल नवऱ्याला कधी काही ऐकवलं नाही, पण रोशनी अजून ऐकवते.

पाणी ओसरल्यावर मी तपासायला गेलो. बुधाजी होडी बघायला गेले होते. मी टीव्ही लावला. पिवळी गाडी, हिरवी गाडी, ठिपका, सगळं जागच्या जागी. पण बघता बघता माझ्या लक्षात आलं, की मधली अक्षरं लुकलुकत नाहीत. गेम नुसता थांबलेला असला, तर अक्षरं लुकलुकतात. लुकलुकत नाहीत याचा अर्थ एकच. गेम हँग झाला होता. चित्र तेवढं उरलं होतं, आत खेळ नव्हता.

मी दमयंतीताईंना हळूच सांगितलं, की पुरात बहुतेक गेम गेला.

त्या ओल्या गोधड्या दोरीवर टाकत होत्या. म्हणाल्या, "पुरात नाय, स्वानंदभाऊ. तो पैल्याच आठवड्यात गेला."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. निकालानंतर चौथ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. त्यांनी ठरवलं, की बटण दाबून टाकायचं, कोंबडी मरते ती मरो, भांडण संपू दे. स्टार्ट दाबलं. काही झालं नाही. दहा वेळा दाबलं, सगळी बटणं दाबून बघितली. ठिपका हलला नाही. त्यांनी रिमोट होता तिथे ठेवला आणि भाकऱ्या करायला घेतल्या.

मी विचारलं, मग सात वर्षं सांगितलं का नाही.

"भाऊबीजेला मी कोनला जाते," त्या म्हणाल्या. "कमल्या त्याच्या भावजींचं नाव काडत नाय. पन मी निगाले की तो विचारतो, बाय, चालू हाय ना? मी सांगते, चालू हाय. मंग तो मला रिक्षापरत सोडायला येतो. बंद झाला म्हनून सांगितलं, तर तो काय विचारंल?"

मी अडॅप्टर बदलला आणि निघालो. त्यानंतर वीस वर्षं मी एका मेलेल्या गेमची दर जूनला तपासणी केली, सोल्डर केलं, धूळ पुसली, आणि बुधाजींना सांगितलं की तब्येत ठणठणीत आहे. अक्षरांचं कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथे येणारा प्रत्येक जण गोळीकडे बघायचा, अक्षरांकडे बघायचं कुणाला काय कारण?

यंदा मार्च महिन्यात रोशनी दुकानात आली. ती आता सव्वीस वर्षांची आहे आणि उलव्याला एका बांधकामावर सुरक्षेची सुपरवायझर आहे. शंभर माणसांना हेल्मेट घालायला लावते, त्यामुळे तिचा आवाज खणखणीत आहे. तिने विचुंब्याला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. कोळीवाड्यातल्या घराच्या भिंतीला तडा गेलाय, पावसाआधी आईवडिलांना हलवायचं आहे, असं सांगत होती. गेम बंद करून नेऊ, असं ती घरात बोलली, तर बुधाजींनी जेवण सोडलं होतं. म्हणून चालू ठेवूनच न्यायचा होता. तिने एका कागदावर आराखडा काढून आणला होता. बॅटरी कुठे, टीव्ही कुठे, कोण कुठे बसणार, धक्का कुठे बसू शकतो. त्याच्यावर धोक्याच्या पातळ्या लिहिल्या होत्या.

अडचण कमळाकरची होती. बातमी कोनला पोहोचली आणि त्याने रोशनीच्या फोनवर आवाजाचा मेसेज पाठवला. तिने तो मला ऐकवला. गेम त्याच्या डोळ्यांसमोर हलवला जावा, टीव्ही पूर्ण वाटभर चालू असावा, आणि वाहन त्याचं असावं. दुसऱ्याच्या वाहनावर त्याचा भरवसा नव्हता. हा मेसेज तिने घरी लावला तेव्हा बुधाजींनी तो शेवटपर्यंत ऐकला. नंतर त्यांनी तो परत लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

ठरल्या दिवशी सकाळी अकराला कमळाकर टेम्पो घेऊन कोळीवाड्यात आला. केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. त्याने टेम्पो तीन वेळा धुतला होता आणि तरी त्याला बांगड्याचा वास येत होता. तो घरात शिरला नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहून आत नजर ठेवत होता. आम्ही गेम, टीव्ही, बॅटरी आणि इन्व्हर्टर वायरी न ताणता एकत्र उचलून बाहेर आणलं, जशी चार माणसं पालखी आणतात. टेम्पोत कपाट आणि बाकीच्या सामानाशेजारी गादी घालून त्यावर सगळं ठेवलं. एका बाजूला बुधाजी बसले, एका बाजूला कमळाकर. मी मध्ये, हात वायरींवर. चालवायला रोशनी, तिच्या शेजारी दमयंतीताई. रोशनीने आम्हा तिघांनाही हेल्मेट घालायला लावली.

दोघे मेहुणे सत्तावीस वर्षांनी एकमेकांपासून दोन हातांवर बसले होते आणि दोघेही पडद्याकडे बघत होते. मी काही तरी बोलायचं म्हणून म्हणालो, की ऊन वाढलंय. दोघांनी आपापलं हेल्मेट पुढे ओढलं.

उरण नाक्याच्या पुढे एका वाहतूक हवालदाराने टेम्पो थांबवला. मागे माणसं का बसवली, म्हणून त्याने विचारायला सुरुवात केली आणि त्याची नजर पडद्यावर गेली. चाळिशी ओलांडलेला होता. त्याने वाकून बघितलं. कितवा बोर्ड, असं त्याने हळू आवाजात विचारलं. एकतिसावा, म्हणून बुधाजींनी सांगितलं. हवालदाराने टोपी काढली. आपण अठराच्या पुढे कधी गेलो नाही, असं त्याने कबूल केलं, आणि गोळी कुणाची याची चौकशी केली. दोन्ही बाजूंनी आपापलं म्हणणं मांडलं, पण त्याला उद्देशून. एकमेकांकडे न बघता. तेवढ्यात मागे रिक्षा, बस आणि एक सिमेंटचा ट्रक अडकून भोंगे वाजवू लागले होते. हवालदाराने हात वर करून सगळ्यांना थांबवून धरलं आणि आमचा टेम्पो आधी सोडला. पुढच्या चौकातल्या सहकाऱ्यालाही त्याने फोन केला असावा. तिथेही आम्हाला थांबावं लागलं, कारण त्यालाही बघायचं होतं.

असं करत गाढी नदीवरचा पूल ओलांडून विचुंब्याला पोहोचेपर्यंत आम्हाला दोन वाजून दहा मिनिटं झाली. इमारतीच्या फाटकावर सोसायटीच्या सेक्रेटरी अनुया देशपांडे उभ्या होत्या. त्या बँकेत अधिकारी आहेत आणि त्या दिवशी सुट्टीवर होत्या. त्यांनी नम्रपणे सांगितलं, की दोन ते चार सामान चढवायला परवानगी नाही, ज्येष्ठ नागरिक झोपलेले असतात. रोशनीने नियम वाचून बघितला. ती स्वतः नियमांवर जगणारी असल्यामुळे तिला वाद घालता येईना.

मी बॅटरी बघितली. फार तर तासभर चालली असती.

आम्ही पार्किंगमध्ये टेम्पो लावला. मी अनुयाताईंना सोसायटीच्या मीटरवरून एक वायर ओढायची परवानगी मागितली. खासगी कामाला सोसायटीची वीज देता येत नाही, हाही नियम होता. उपकरण काय आहे, हे त्यांना फॉर्मवर लिहायचं होतं, म्हणून त्या बघायला आल्या. पडदा बघून त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, की त्यांच्या भावाने त्यांना लहानपणी कायम दुसराच रिमोट दिला. दुसऱ्या रिमोटला स्टार्टचं बटणच नसे. खेळ कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, हे भावानेच ठरवायचं. त्यांनी कमळाकरकडे बघून विचारलं, तुमचा दुसरा का? कमळाकरने मान हलवली. त्यांनी ऑफिस उघडून एक्स्टेन्शन बोर्ड आणून दिला आणि फॉर्मवर 'वैद्यकीय उपकरण' असं लिहिलं.

त्यांची आठ वर्षांची मुलगी भाविका आईच्या मागे आली होती. ती टेम्पोच्या फळीला लोंबकळून बराच वेळ पडद्याकडे बघत होती.

"आजोबा, हे पॉजवर आहे ना?" तिने बुधाजींना विचारलं. "मग स्टार्ट दाबा ना."

सत्तावीस वर्षांत हे इतक्या सरळ कुणी म्हटलं नव्हतं. बुधाजींनी हेल्मेट काढलं. माझी नजर दमयंतीताईंकडे गेली. त्या टेम्पोच्या पुढच्या सीटवरून मान वळवून बघत होत्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

बुधाजी बोलायला लागले, आणि या वेळी कमळाकरकडे बघून.

"कमलाकर, मी रोज बगतो ती गोली. मला वाटतं, ती माजीच होती."

कमळाकरनेही हेल्मेट काढलं. मग म्हणाला, "नाय भावजी. ती माजी होती. मला तवाच म्हाईत होतं."

मला वाटलं, संपलं. पण नाही. बुधाजी म्हणाले, मी मोठा आहे, मला सांगू नको, गोळी माझी. कमळाकर म्हणाला, बटण माझ्या अंगठ्याखाली होतं, मला नाही कळणार तर कुणाला. मेहरबानी करून माझी गोळी आपल्या नावावर घेऊ नका. आवाज चढले. दोघांनी अठ्ठ्याण्णव साली जे जे मुद्दे मांडले होते, ते सगळे परत मांडले, पण उलट बाजूने. बुधाजींनी विज्ञानाच्या सरांच्या रेषांचा दाखला दिला. कमळाकरने त्याच रेषांची दुसरी आवृत्ती काढली. वरच्या मजल्यांवरच्या खिडक्या उघडल्या. झोपलेले ज्येष्ठ नागरिक गॅलरीत येऊन उभे राहिले.

शेवटी कमळाकरने गादीखालून एक प्लॅस्टिकची पिशवी काढली. त्यात आणखी एक पिशवी, त्यात वर्तमानपत्र, त्यात दुसरा रिमोट. त्याने तो गेमला जोडला आणि भावजींना म्हणाला, "दाबा. होऊन जाऊ दे."

बुधाजींनी स्टार्ट दाबलं.

काही झालं नाही. त्यांनी परत दाबलं. जोरात दाबलं. कमळाकरने त्यांच्या हातातून रिमोट घेऊन दाबलं. भाविकाने दाबून बघितलं. मग दोघांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं, कारण मी मेकॅनिक होतो.

मी सांगून टाकलं, की गेम हँग झालाय. कधीपासून, असं बुधाजींनी विचारलं. तेवढ्यात दमयंतीताई पुढून उतरून मागे आल्या आणि म्हणाल्या, पहिल्या आठवड्यापासून. मला पंचवीस टक्के तरी हायसं वाटलं. पण मग त्यांनी खरेपणाने पुढे जोडलं, की स्वानंदभाऊंनाही वीस वर्षं माहीत आहे.

इन्व्हर्टरचा बारीक आवाज येत होता. बुधाजी माळ्यावर काढलेला दीड दिवस आठवत असावेत, असं मला त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं. कमळाकर रिमोटच्या वायरीचा गुंता सोडवत बसला, जी मुळी गुंतलेलीच नव्हती.

मग तोच म्हणाला, की आता बंद तरी करू. आणि हात पुढे केला. बुधाजींनी त्याचं मनगट धरलं. बंद करील त्याची गोळी, असा पाटलांचा निकाल होता. पाटील जाऊन पंधरा वर्षं झाली, तरी निकाल तो निकाल. गोळी माझी आहे, मीच बंद करणार, असं ते म्हणाले. कमळाकरने दुसरा हात घातला. पन्नाशीची दोन माणसं गादीवर गुडघे टेकून एका करड्या डब्याच्या बोटभर खटक्यासाठी झोंबत होती, आणि अनुयाताई मधूनमधून सांगत होत्या, की चार वाजेपर्यंत आवाज करायला परवानगी नाही.

खटका कुणी खाली केला ते मला खरंच सांगता येणार नाही. मी दोघांच्या पाठीमागे होतो. पडद्यावर मुंग्या आल्या, एवढंच दिसलं.

दोघे धापा टाकत बसून राहिले. दमयंतीताईंनी हात पुढे करून डब्यावर तळवा ठेवला. सत्तावीस वर्षं तो कायम कोमट असायचा. थंडीत मांजर त्याच्यावर झोपायचं. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "निवला." आणि कमळाकर रडू लागला. त्याला बुधाजी थोपटत होते आणि थोपटता थोपटता सांगत होते, की खटका त्यांनीच पाडला.

मी नंतर परत लावून बघितला. लागला नाही. फुंकर मारूनही नाही.

चार वाजता सामान चढवलं. लिफ्ट असूनही कपाट कमळाकरने आणि बुधाजींनी जिन्याने वर नेलं, आणि प्रत्येक वळणावर कुणी कुठे धरायचं यावरून त्यांचं वाजलं. उंबरा नवा असल्यामुळे कमळाकरला तो ओलांडायला काही अडचण आली नाही. रात्रीचं जेवण त्याने तिथेच घेतलं. मला कुणी वाढलं नाही.

कारण दोघांनी मिळून माझ्याशी बोलणं टाकलं. दमयंतीताईंवरही राग होताच, पण स्वयंपाक त्या करत होत्या. त्यामुळे सगळा राग माझ्या वाट्याला आला. रोशनीने दुसऱ्या दिवशी फोन करून कळवलं, की बाबा आणि मामांची बैठक झाली आणि येत्या नारळी पौर्णिमेपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही असा एकमताने निकाल लागला. त्यांचं एकमत होण्याची ती पहिलीच वेळ होती, असं म्हणून तिने माझं अभिनंदन केलं.

मागच्या आठवड्यात टेम्पो दुकानासमोर येऊन उभा राहिला. रोशनी आत आली. बाबा आणि मामांना गेम हवाय, म्हणाली, पण त्यांना बोलता येत नाही म्हणून मी आलेय. काचेतून मला दोघे दिसत होते. टेम्पो सरळ लावलाय की तिरका, यावरून बोलत असावेत. माळ्यावर माझ्याकडे एक न उघडलेलं खोकं होतं. मी ते खाली काढलं, धूळ पुसली, काउंटरवर टीव्हीला जोडून चालवून दाखवलं. गाण्याचा तो चिरका आवाज सुरू झाला, तसे दोघे टेम्पोतून उतरून काचेपाशी आले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. पूर्ण बोर्ड संपेपर्यंत मी गेम बंद केला नाही.

खोकं न्यायला कमळाकर आत आला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. काउंटरच्या शेजारच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, त्याच्याकडे तोंड करून त्याने विचारलं, की दुकानदाराच्या घरी पापलेट खातात का?

मीही कॅलेंडरकडे बघूनच सांगितलं, की खातात.